आधी चालू, शेवटी बंद

माझं लग्न ठरत होतं तेव्हा वडिलांनी मुलीकडच्यांना सांगितलं, "चिरंजीव चंदीगडला सरकारी नोकरीत आहेत. विमानं उडवतात." वडील खोटं बोलले नव्हते. पण भुसावळच्या त्या बैठकीत माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या डोळ्यांपुढे पांढराशुभ्र गणवेश, टोपी आणि हवाईसुंदऱ्या उभ्या राहिल्या असणार. लग्न होऊन शुभा चंदीगडला आली आणि पहिल्याच रविवारी मी तिला आमच्या मैदानावर नेलं. हलक्या बालसा लाकडाच्या पट्ट्यांचं, वर पातळ कागद ताणून बसवलेलं विमान तिच्या हातात दिलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "अहो, आणि मोठं कुठंय?"

मोठं नव्हतंच! तरुणांना विमानविद्येची गोडी लागावी म्हणून सरकारनं चालवलेल्या एका प्रशिक्षण केंद्रात मी रेडिओचा प्रशिक्षक होतो. कॉलेजची मुलंमुली यायची, विमानांची मॉडेलं बांधायची, आम्ही ती उडवायला शिकवायचो. खेळायचा पगार घेणारा माणूस अशी माझी नातेवाइकांत ख्याती झाली. लोक जमिनीवर उभे राहून उंट हाकतात, मी जमिनीवर उभा राहून विमान हाकतो, असं मेहुणे म्हणायचे. म्हणोत बापडे. त्यांच्यापैकी एकाला एकदा हातात डबा दिला होता. पाचव्या क्षणाला विमान गव्हात आणि मेहुणे गप्प.

डबा म्हणजे ट्रान्समीटर. आमच्या धंद्याचा सगळा जीव त्यात. दोन काठ्या, एक लांब ओढून काढायची अँटेना आणि एक स्विच. उजवी-डावीकडे वळवणारी रडर नावाची फळी विमानाच्या शेपटीला उभी असते, नाक वरखाली करणारी एलिव्हेटर नावाची फळी आडवी असते. पंखांच्या कडेला एलेरॉन असतात, ते विमानाला कुशीवर वळवतात. काठी हलवली की डब्यातून सिग्नल जातो, विमानाच्या पोटातला रिसीव्हर तो पकडतो आणि सर्व्हो नावाच्या आगपेटीएवढ्या मोटरी त्या फळ्या हलवतात. बस, एवढंच. एवढंच, पण पहिल्यांदा विमान जमीन सोडतं ना, तेव्हा छातीत असं काही होतं की ते सांगायला मला आजही शब्द सापडत नाहीत. शेकडो वेळा उडवलं, शेकडो वेळा झालं.

इंजिन मुठीत मावणारं, आणि इंधन म्हणजे मेथॅनॉल आणि एरंडेल. होय, तेच, लहानपणी नाक दाबून पाजायचे ते. जळलेल्या एरंडेलाचा वास माझ्या शर्टांना, स्कूटरच्या सीटला, अंथरुणालाही होता. शुभा माझे रविवारचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. माझी लेक चंदीगडचीच, मराठी कळायची पण उत्तर हिंदीत. ती दारातच थांबवायची, "बाबा, पहले नहा लो, फिर गोद में लो!"

या धंद्यात जो डोक्यानं हुशार तो हातानं हुशार असेलच असं नाही. बक्षी साहेब नावाचे एक निवृत्त विंग कमांडर आमच्याकडे हौसेनं शिकायला आले. आयुष्यभर लढाऊ विमानं उडवलेला माणूस! मी मनात म्हटलं, यांना काय शिकवायचं? डबा हातात दिला. विमान दूर जात होतं तोवर सगळं झकास. मग ते वळून आमच्याकडे यायला लागलं आणि बक्षी साहेबांनी ते सरळ मोहरीच्या शेतात घातलं. कारण साधं आहे. विमान तुमच्याकडे तोंड करून आलं की त्याचं उजवं ते तुमचं डावं. खऱ्या विमानात वैमानिक आत बसलेला असतो, त्याला हा प्रश्न कधी पडतच नाही. म्हणून खरे वैमानिक आमचे सगळ्यात वाईट विद्यार्थी! बक्षी साहेब तर काठीबरोबर स्वतःही कंबरेतून वाकायचे. पुढे त्यांनी युक्ती काढली. विमान समोरून यायला लागलं की ते त्याच्याकडे पाठ करायचे आणि मान मागे वळवून उडवायचे. मैदानात मधोमध हा उंचापुरा माणूस विमानाकडे पाठ करून उभा, मान पिरगळलेली. येणारेजाणारे शेतकरी सायकली थांबवून बघायचे.

त्यांना वळणावर आणलं गुरबचननं. गुरबचन सिंग माझा सहकारी. मी रेडिओचा प्रशिक्षक, तो उड्डाणाचा. तो म्हणाला, "सर जी, दायाँ-बायाँ भूल जाओ. जेड़ा पंख थल्ले डिग रिया है, स्टिक उधर ले जाओ. टेक दे दो उसको." म्हणजे जो पंख खाली कलतोय त्याच बाजूला काठी न्यायची, त्या पंखाला खालून टेकू द्यायचा. इतकं सोपं! बक्षी साहेबांनी त्या दिवशी विमान सुखरूप उतरवलं आणि गुरबचनच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याची पगडी हलली.

गुरबचनइतका सुंदर उडवणारा मी पाहिला नाही. त्याचं पिवळं विमान होतं, नाव 'लाडो'. पंजाबीत लाडकी लेक. ते तो उलटं करून गवतावरून असं काढायचा की गवताची टोकं हलायची. मी उडवायचो तेव्हा विमान उडायचं. तो उडवायचा तेव्हा ते नाचायचं. मला त्याचा हेवा वाटायचा आणि अभिमानही वाटायचा.

आमचे दोन कायदे होते. पहिला चिमट्याचा. प्रत्येक डबा एका ठरावीक लहरीवर चालतो. एकाच लहरीवर दोन डबे सुरू झाले की हवेतलं विमान कुणाचं ऐकायचं ते विसरतं आणि पडतं. म्हणून मैदानावर एक फळी होती, तिच्यावर रंगवलेले कपड्यांचे चिमटे. लाल लहर, लाल चिमटा. फळीवरचा चिमटा काढून अँटेनाला लावल्याशिवाय डबा सुरू करायचा नाही. ज्याच्याकडे चिमटा, त्याचं आकाश! एकदा एक दातांचे डॉक्टर हिरवा चिमटा खिशात घेऊन घरी गेले आणि शहरात संचारबंदी लागली. संचारबंदी उठली, तरी डॉक्टर गावी गेलेले. हिरव्या लहरीवाले सगळे हात चोळत बसले. मी म्हटलं, अरे, दुसरा चिमटा रंगवू या. गुरबचन म्हणाला, "दूजा चिमटा बणा दित्ता, फेर चिमटे दा मतलब की रह गिया?" म्हणजे दुसरा केला, तर चिमट्याला अर्थच काय उरला? डॉक्टर परत आले तेव्हा चिमटा त्यांच्या बायकोनं शेवेच्या पुडीला लावला होता.

दुसरा कायदा त्याहून कडक. डबा आधी चालू, शेवटी बंद. आधी डबा सुरू करायचा आणि मगच विमानातला स्विच. उतरल्यावर आधी विमान बंद आणि मगच डबा. कारण विमान एक क्षणही बिनसिग्नलचं राहता कामा नये. मालक नसलेल्या विमानाचं काहीही होऊ शकतं, आपणहून इंजिन वाढवून ते कुणाच्या पायात शिरेल. पहिल्या दिवशी आम्ही विद्यार्थ्यांकडून हे घोकून घ्यायचो. माझ्या तोंडात ते इतकं बसलं होतं की घरातला पंखा लावतानाही मी आधी काय, शेवटी काय याचा विचार करायचो.

ही सगळी पंजाब पेटलेला होता तेव्हाची गोष्ट. नव्या वाचकांना कदाचित नुसतं 'दहशतवादाचा काळ' म्हणून कळणार नाही. शहराच्या प्रत्येक टोकाला वाळूची पोती, त्यांच्यामागे बंदुका. संध्याकाळ झाली की रस्ते ओस. सकाळी पेपर उघडायला भीती वाटायची. आणि आम्ही? आम्ही रेडिओ आणि अँटेना घेऊन हिंडत होतो! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. रेडिओनं दुरून स्फोट घडवतात म्हणून पोलिसांना प्रत्येक अँटेनाचा संशय, आणि त्यात अँटेना पगडीवाल्याच्या हातात असली तर विचारूच नका. गुरबचनला एकदा नाक्यावर अख्खी दुपार बसवून ठेवलं. चौकीतून बाहेर आला आणि त्यानं डबा माझ्याकडे दिला.

तेव्हापासून आमची एक पद्धत पडली. कुणी ठरवली नाही, कुणी बोलून दाखवली नाही. आमचं मैदान मुल्लानपूरच्या बाजूला, गव्हाच्या शेतांपलीकडे. मैदानावर जाताना शहराच्या नाक्यापर्यंत स्कूटर मी चालवायचो. डबा माझ्या पायांपाशी, गुरबचन मागे, मांडीवर लाडो. शिपाई माझं ओळखपत्र बघायचे, 'महाराष्ट्र?' म्हणायचे आणि सोडायचे. नाका मागे पडला की निलगिरीच्या रांगेपाशी मी स्कूटर थांबवायचो. आम्ही जागा बदलायचो. आता गुरबचन पुढे, मी मागे. कारण तिथून पुढे खेड्यांचा एकाकी रस्ता, आणि अशा रस्त्यांवर बस थांबवून बिनपगडीच्या लोकांना खाली उतरवून गोळ्या घातल्याच्या बातम्या आम्ही दोघांनीही वाचल्या होत्या. परत येताना त्याच निलगिरीपाशी पुन्हा अदलाबदल. नाक्यावर मी त्याची ढाल, गावाकडे तो माझी. एकदा शुभानं विचारलं, "तुम्ही दोघं एवढं बोलता, यावर कधी काही बोललात?" नाही बोललो. काय बोलणार?

याच दिवसांत माझ्या डोक्यात तावीज शिरला. झालं असं, की एका विद्यार्थ्याचं विमान सिग्नल तुटल्यावर पूर्ण वेगात शिवालिकच्या डोंगरांकडे निघून गेलं आणि कधीच सापडलं नाही. मला झोप येईना. सिग्नल तुटला तर विमानानं शहाण्यासारखं खाली का येऊ नये? मी सर्किट जुळवलं. सिग्नल गेला की ते ओळखायचं आणि सर्व्होंना मी आधीच शिकवलेल्या जागी न्यायचं. इंजिन मंद, रडर किंचित डावीकडे, नाक थोडं वर. म्हणजे विमान मोठमोठ्या डाव्या घिरट्या घालत आपणहून खाली उतरणार. परदेशी सेटमध्ये अशी सोय यायला लागली होती, तिला फेलसेफ म्हणतात. आमच्याकडे कुठले परदेशी सेट? मी घरी डाळीच्या डब्याशेजारी बसून, डाख देऊन तयार केलं. मैदानावर हशा पिकला. विमानात गुंजभर वजन वाढलं तरी उडवणाऱ्याचा जीव कासावीस होतो, आणि हे महाशय आगपेटीएवढी पाटी घाला म्हणतात! बक्षी साहेबांनी तिचं नाव ठेवलं, 'सरोदे साब का तावीज'. आणि गुरबचन म्हणाला, "ओ यार, तेरा तावीज मैं नहीं बन्हणा अपणी लाडो दे गले. जब तक मेरे हाथ हैं, इसको तावीज क्यों?"

मी रागावलो. सिग्नलच तुटल्यावर हात काय करणार, असं काहीतरी म्हणालो. तो हसला. मी आणखी रागावलो.

आणि मग आला वार्षिक मेळावा. शहरातल्या मोठ्या मैदानावर शाळाशाळांची कवायत, बँड आणि आमच्या केंद्राचं विमानाचं प्रात्यक्षिक. अध्यक्ष म्हणून सरकारातली एक फार मोठी व्यक्ती. त्या काळात मोठी व्यक्ती म्हणजे तिच्याभोवती काळ्या कपड्यांतले कमांडो, छपरांवर दुर्बिणी. आमच्या प्रमुखांनी मला एकट्याला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. ते म्हणाले, "सरोदे, उडान तुम करोगे. गुरबचन नहीं. समझ रहे हो ना?"

मी समजलो. बाहेर आलो तर गुरबचन व्हरांड्यात उभा. चेहऱ्यावरून कळलं की त्यालाही समजलंय. तो शांतपणे म्हणाला, "सरोदे साब, नाके ते मैं डब्बा तैनूं दे दित्ता. ठीक. पर मैं उडाण दा उस्ताद हाँ. अपणे ही शहर में, अपणी लाडो, और डब्बा मेरे हाथ में नहीं? तां फेर मैं ये नौकरी भी नहीं करणी." नुसतं बोलणं नव्हतं ते. राजीनामा देऊन गावाकडे ट्रॅक्टर चालवणार होता. असले हात ट्रॅक्टर चालवणार!

मी प्रमुखांकडे परत गेलो. त्यांच्याबरोबर सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेलो. हे गृहस्थ दिल्लीहून आलेले, ओठ मुडपून ऐकायचे. मी तावीज टेबलावर ठेवला. म्हटलं, साहेब, तुम्ही म्हणाल त्या क्षणी आम्ही रेडिओ बंद करू, आणि रेडिओ बंद झाला तरी विमान आपणहून, हळूहळू, मोकळ्या जागेत उतरेल. उडवणारा गुरबचन सिंग असेल, जबाबदारी माझी. त्यांनी तावीज बोटांनी फिरवून पाहिला. मग म्हणाले, पाहुणे यायच्या आधी प्रात्यक्षिक संपलं पाहिजे. पाहुणे फाटकात शिरल्यावर मैदानावर कुठलाही रेडिओ चालू दिसला तर माझी माणसं विचारणार नाहीत.

गुरबचनला सांगितलं. संध्याकाळी त्यानं लाडोचं पोट उघडलं, तावीज ठेवायला स्पंजचं घरटं केलं आणि म्हणाला, "ला, बन्ह दे."

मेळाव्याचा दिवस! थंडी ओसरलेली, निळंशार आकाश, उत्तरेला कसौलीचे डोंगर जवळ आल्यासारखे. एका बाजूला शामियाना आणि व्यासपीठ, समोरच्या पायऱ्यांवर शाळांची शेकडो मुलं, रंगीबेरंगी स्वेटर. मधे मोकळं मैदान. लाल चिमटा अँटेनाला. डबा चालू. विमान चालू. मी इंजिनाला बोट लावलं आणि लाडो गरजली. त्या एरंडेलाच्या वासानं मला एकदम बरं वाटलं.

काय उडवलं त्या दिवशी गुरबचननं! सरळ आकाशात चढवलं, वर नेऊन कोलांटी, मग उलटं करून पायऱ्यांसमोरून. मुलं किंचाळत होती. मीही किंचाळत होतो. चाळिशीला आलेला सरकारी माणूस, पण मी लाज सोडून उड्या मारत होतो.

आणि तेवढ्यात भोंगे. पाहुणे वेळेआधी आले! मोटारींची रांग फाटकातून आत शिरली. सगळं मैदान उभं राहिलं. लाडो तेव्हा बरोब्बर मुलांच्या डोक्यांवर होती.

एक कमांडो धावत आला. कोवळा पोरगा, मिसरूड नुकती फुटलेली, बंदूक खांद्याला लावलेली, नळी गुरबचनकडे. "बंद करो! डब्बा नीचे रखो! नीचे!" मी दोन्ही हात वर करून मधे जायला लागलो तर दुसऱ्यानं मला कॉलरला धरून मागे खेचलं.

आता वाचकहो, बघा काय झालं होतं. डबा तसाच धरून ठेवला तर त्या पोराचं बोट चाप ओढणार. डबा त्याच क्षणी बंद केला तर लाडो मुलांवर घिरट्या घालत उतरणार. तावीज काही जादू करत नाही. वारा असेल त्या बाजूला घिरट्या सरकत जातात. मी शामियान्यावरचे झेंडे बघितले. वारा पायऱ्यांकडे वाहत होता. विमान उतरवायचं असेल तर आधी वाऱ्याच्या उलट बाजूला, मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला न्यायला हवं होतं. त्याला वेळ लागतो. आणि वेळच नव्हता.

गुरबचन हलला नाही. नजर विमानावर. बंदुकीकडे त्यानं पाहिलंही नाही. त्याचे अंगठे काठ्यांवर अगदी हळू, अगदी निवांत सरकले. लाडो कुशीवर वळली, मुलांवरून निघाली, मोकळ्या मैदानावरून, शामियान्याच्या टोकापलीकडे, वाऱ्याच्या तोंडाशी. कमांडो ओरडत होता, "आखरी बार बोल रहा हूँ!" विमान पुढे जात होतं. अजून थोडं. अजून. माझ्या घशातून आपोआप मराठी निघाली, "सोड! सोड रे आता!"

एवढ्या वर्षांत मैदानावर त्याला माझी मराठी कळायला लागली होती. त्यानं पंख सरळ केले आणि स्विच बंद केला. विमान हवेत असताना डबा बंद! इतकी वर्षं ज्या बोटानं हे कधी केलं नव्हतं त्या बोटानं. अँटेना आत ढकलून त्यानं डबा गवतावर ठेवला, मागे सरला आणि दोन्ही हात डोक्यावर नेले. ओठ हलत होते. वाहेगुरू म्हणत असावा. मी तर राम म्हणायचंही विसरलो होतो.

एक क्षण काहीच झालं नाही. मग लाडोचं इंजिन मंदावलं, जणू तिनं श्वास सोडला. डावा पंख किंचित कलला. पहिली घिरटी. वारा तिला आमच्याकडे ढकलत होता. दुसरी घिरटी, शामियान्याच्या अलीकडून. माझ्या कॉलरवरचा हात सैल झाला, कारण तो मागचा माणूसही वर बघत होता. सगळेच बघत होते. पाहुण्यांची गाडी थांबलेली, पाहुणे दारात एक पाय बाहेर टाकून वर बघत होते. बँडवाले बघत होते. नुसता टपटप इंजिनाचा आवाज. शेवटची घिरटी इतकी खाली आली की मला वाटलं पंख टेकणार. टेकला नाही. चाकं गवताला लागली, लाडो एकदा उसळली, पुन्हा टेकली, धावत धावत आली आणि पायऱ्यांच्या बरीच अलीकडे थांबली. इंजिन अजून चालूच होतं.

आणि टाळ्या! अहो, टाळ्या! मुलं पायऱ्यांवर नाचायला लागली. त्यांना वाटलं हाच कार्यक्रम. सरदारजी डबा खाली ठेवतो, दोन्ही हात वर करतो आणि विमान आपणहून उतरतं! बंदूकवालाही कार्यक्रमातलाच. पाहुणेही टाळ्या वाजवत होते. मी मटकन गवतावर बसलो. रडत होतो की हसत होतो ते मला अजून नक्की माहीत नाही.

सुरक्षा अधिकारी लालबुंद होऊन आमच्याकडे यायला निघाले, पण त्यांच्या आधी पाहुणे येऊन पोचले. वयस्क गृहस्थ, डोळे लहान मुलासारखे चमकत होते. गुरबचनचे हात अजून वरच होते. पाहुण्यांनी स्वतः ते खाली घेतले आणि म्हणाले, "कमाल है भाई! वो हाथ ऊपर करके उतारने वाला, एक बार फिर दिखाओ."

गुरबचननं एकदा माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "जनाब, वो तो सरोदे साब का कमाल था. मैं अपणा दिखाऊँ?"

"दिखाओ, दिखाओ!"

आता माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. मी उठलो, पँट झटकली आणि सुरक्षा अधिकाऱ्याला म्हटलं, "सर, आपके लोगों के वॉकीटॉकी बंद करवा दीजिए. इतने पास चालू रहे तो हमारे सिग्नल में गड़बड़ होती है." गडबड होते हे खरंच आहे, पण ते ज्या चवीनं मी सांगितलं ती चव आयुष्यात पुन्हा मिळाली नाही. त्यांनी ओठ मुडपले. पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुण्यांनी मान डोलावली. मग त्यांनी हात वर करून खूण केली आणि मैदानभर एकेक वॉकीटॉकी बंद होत गेला. व्यासपीठावरचा, फाटकावरचा, छपरावरचा.

गुरबचननं डबा उचलून चालू केला, अँटेना पूर्ण लांब ओढली. लाडो धावली आणि सुटली. त्या अख्ख्या मैदानावर त्या वेळी एकच रेडिओ चालू होता आणि तो गुरबचनच्या हातात होता. त्यानं विमान वर नेलं, उलटं केलं आणि गवतावरून असं काढलं की सगळ्या पायऱ्या एका आवाजात ओरडल्या. माझ्या शेजारी तो कोवळा कमांडो उभा होता. बंदूक पाठीवर टाकलेली, तोंड उघडं. विमान वळून परत यायला लागलं तसा तो न राहवून ओरडला, "सरदार जी, और नीचे! और नीचे से!"

गुरबचननं इतकं खालून आणलं की पाहुण्यांसकट आम्ही सगळे गवतावर आडवे झालो.